भिंतीवरची नायिका

अख्ख्या तलासरीला मी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "बघाच! ही तुमची प्रगती आता टीव्हीवर घराघरांत दिसणार!" आणि २०१८ साली दिसलेही हो! रोज संध्याकाळी, सिरियलमधल्या हिरोच्या दिवाणखान्यात, भिंतीवर, चंदनाचा हार घालून!

होय, फोटोत! डहाणूच्या एकांकिका स्पर्धांमध्ये मी स्टेज दणाणून सोडायचे. कपाटात बक्षिसं मावत नव्हती. आणि टीव्हीवर काय मिळालं? हिरोची मेलेली पहिली बायको!

"एकही वाक्य नाही?" मी प्रॉडक्शनवाल्या सुरजला विचारलं.

"ताई, फ्लॅशबॅक येणार ना! तेव्हा बोला पोटभर."

त्या फ्लॅशबॅकच्या आशेवर मी हातातली नाटकं सोडली. मूर्ख कुठची!

घरच्यांना हे सगळं समजावलं होतं. राहिली फक्त लाडकी मावशी. ती डोंगराकडच्या पाड्यावरून हायवेवरच्या अच्छाडला भाजी विकायला येते. तिथल्या ढाब्यावर टीव्ही चालू असतो, पण आवाज बंद. ट्रकच्या हॉर्नपुढे ऐकू येणार काय? मावशीने सहज वर पाहिलं. भाचीचा फोटो! फोटोला हार! आणि खाली एक बाई डोळे पुसतेय!

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासतेय, तर टेम्पोतून अर्धा पाडा उतरला. आमच्याकडे मयताच्या घरी रिकाम्या हाताने कुणी जात नाही. ज्याच्या त्याच्या हातात तांदळाचं गाठोडं. मावशीने तर टेम्पोतच गळा काढला.

"पोरी गं! किती बोलायचीस गं! आता कोण बोलंल?"

मी तशीच फेसाळल्या तोंडाने धावले. पाड्यावरचा काकड्यामामा 'भूत!' म्हणत आल्या पावली परत टेम्पोत चढला.

"मावशी, मी जिती आहे! ते माझं काम आहे!"

"मरायचं काम?"

"हो!"

"भाताची लावणी टाकून आलो आम्ही!" टेम्पोतून काकड्यामामा ओरडला. मी जिवंत असल्याचं एवढं दुःख आजवर कुणाला झालं नव्हतं.

"मग टीव्हीत बोलत का नाहीस?" मावशीने विचारलं.

"बोलणार आहे ना! फ्लॅशबॅकमध्ये!"

तेवढ्यात सुरजचाच फोन! मी सगळ्यांना गप्प केलं आणि ऐटीत स्पीकर लावला.

"ताई, हिरोचं दुसरं लग्न झालं. नवी बायको म्हणते, हा फोटो नको."

"सिरियलमधली बायको?"

"नाही हो, ती हिरोईन स्वतः. लोकांचं लक्ष तुमच्याकडे जातं म्हणे. उतरवला फोटो."

"आणि माझा फ्लॅशबॅक?"

"आता कसला फ्लॅशबॅक, ताई? हिरो तुम्हाला विसरला!"

फोन बंद झाला. मला रडू फुटलं. ग्लिसरीन न लावता, अगदी खरंखुरं! एवढ्या वर्षांत इतकं छान मी कधी रडले नव्हते, आणि समोर कॅमेरा नाही!

मावशी मघापासून गाठोडं उचलून परत निघायच्या बेतात होती. ती थांबली. माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "पोरी, तांदूळ परत नेऊ, का ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.