कोंडाजीची सहा वर्षांची बॅटरी

मखमलाबादच्या कोंडाजी काकडाने स्पर्धेत नाव दिलं ते केवळ चहा येईपर्यंत वेळ जावा म्हणून. द्वारका चौकात पंक्चर काढायला तो थांबला होता आणि समोर कुंदनशेठच्या बॅटरीच्या दुकानात नवा फळा लागला होता. 'तुमच्या ट्रकची बॅटरी किती वर्षं चालली? खांदेनवमीला सकाळी दहाला ट्रक घेऊन या. एका सेल्फमध्ये इंजिन चालू करून दाखवा. बॅटऱ्यांच्या सर्वांत जुन्या जोडीला नवी जोडी बक्षीस, शिवाय जाहीर सत्कार.' कोंडाजीने फळा दोनदा वाचला. 'जाहीर सत्कार' एवढेच शब्द तिसऱ्यांदा वाचले.

"लिहा शेठ. कोंडाजी काकड, मखमलाबाद. बॅटरी पंच्याण्णव सालची."

कुंदनशेठचं पेन थांबलं. "अहो, हे दोन हजार एक चाललंय. ट्रकची बॅटरी दोन वर्षं जाते. तीन गेली तर मालक पेढे वाटतो."

"बॅटरी मरत नसती, शेठ. मारली जाती."

हे वाक्य कोंडाजीचं स्वतःचं होतं आणि आडगाव नाक्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या प्रत्येक ढाब्यावर त्याने ते ऐकवलं होतं. बॅटरी कशाने जाते हे त्याला विचारावं लागत नसे. पाणी कमी पडलं की आतल्या प्लेटा उघड्या पडून करपतात. क्लॅम्प ढिला राहिला की खड्ड्याखड्ड्याला आदळून ती आतून खिळखिळी होते. टोकांवर पांढरी भुकटी साठली की करंट अडतो. गाडी उभी ठेवून दिवे जाळले की ती उपाशी राहते, आणि फार दिवस उपाशी ठेवली की पुढे खायचंच विसरते. सगळं अगदी बरोबर होतं. (यातलं तो स्वतः काय काय पाळतो, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. ढाब्यावर माणसं जेवायला आलेली असतात.)

घरी आला तर मेहुणा महेश ओट्यावर बसलेला. महेश ओझरच्या विमान कारखान्यात होता. काम स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचं, पण बोलायला लागला की वाटावं, विमान यानेच हाताने वर उचललं.

"दाजी, गाडी विका आता," महेशने विषय काढला. "कळवणचे एक ओळखीचे आहेत, त्यांना कांद्यासाठी ट्रक हवाय. तुमच्या गाडीचं वय झालं. उद्या घाटात बंद पडली म्हणजे?"

हे बोलणं कोंडाजीच्या वर्मी लागलं. मळा वडलांनी केलेला, घर वडलांनी बांधलेलं, विहीर तर आजोबांची. स्वतःच्या हिमतीवर त्याने आयुष्यात उभी केलेली वस्तू एकच, हा ट्रक. तो गेला की आपण नुसते अमक्याचे चिरंजीव उरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने द्वारकेची हकीकत सांगितली आणि त्याच आवेशात बोलून गेला, "खांदेनवमीला या कळवणवाल्यांना घेऊन. एका सेल्फमधी गाडी चालू नाय झाली, तर चावी तिथंच त्यांच्या हातात!"

आत भाकरी थापणाऱ्या सुवर्णाचा हात थांबला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, कशाला ते? आपलं बरं चाललंय. बक्षिसाचं काय एवढं?"

"का? तुझा माझ्या बॅटरीवर इस्वास नाय?"

"बॅटरीवर हाय," सुवर्णा म्हणाली.

पुढच्या आठ दिवसांत तिने तीनदा मोडता घातला. एकदा म्हणाली, त्या दिवशी घरात पूजा आहे. एकदा म्हणाली, फ्लॉवर काढायला आलाय. शेवटी तर म्हणाली, माझं डोकं दुखतंय. (स्पर्धेला अजून चार दिवस होते.) कोंडाजीने ओळखलं, बायकांचं काळीज भित्रं असतं. त्याने तिला धीर दिला.

बाकी सुवर्णा आपली नेहमीसारखीच होती. दर शनिवारी कोंडाजी पारावर गेला की ती किटलीत गरम पाणी आणि व्हॅसलिनची डबी घेऊन ट्रकच्या आडोशाला जाई. कोंडाजीची समजूत अशी, की ती तिथे बसून टाचांच्या भेगा भरते. चार वर्षं झाली तरी भेगा कशा भरत नाहीत, याचं त्याला मधूनमधून वाईट वाटे.

खांदेनवमीला त्याने ट्रक नवरदेवासारखा सजवला. बॉनेटवर झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आणि टपाच्या कडेने रंगीत बल्बांची माळ. केबिनमध्ये टेप होताच. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, पण टेप बाराचा म्हणून कोंडाजीने तो त्यातल्या एकीलाच जोडला होता. आता बल्बांची माळही त्याच बॅटरीला लावली.

"एकाच बैलाला दोनदा जुंपल्यावर जोडी कशी टिकंल?" सुवर्णा म्हणाली.

"तू नैवेद्याचं बघ. हे डिपार्टमेंट माझं हाय."

द्वारकेला नऊ ट्रक रांगेत लागले होते आणि कोंडाजीचा नंबर होता शेवटचा. इंजिन बंद करून तो उतरला. बल्ब चालू, टेप चालू आणि कोंडाजीही चालू. भोवती माणसं जमली. 'गाडी उभी ठेवून दिवे जाळू नयेत' हा मुद्दा तो लाल-हिरव्या उजेडात उभं राहून, टेपच्या वरताण आवाजात, तब्बल सव्वा तास समजावून सांगत होता.

मग रिक्षातून सुवर्णा, महेश आणि कळवणचे पाहुणे उतरले. पाहुणे मुकाट्याने टायर दाबून बघू लागले. सुवर्णाने बल्बांकडे पाहिलं, टेप ऐकला, आणि पदर खोचून ट्रकच्या पलीकडच्या अंगाला, बॅटरीच्या पेटीकडे गेली.

गाणं मध्येच तुटलं. बल्ब विझले.

कोंडाजी 'बॅटरी मरत नसती' एवढंच बोलून थांबला. महेश म्हणाला, "दाजी, चावी केबिनमध्येच आहे ना?" आणि कोंडाजीला खरोखर भडभडून आलं. या गाडीतून त्याने पहिला टोमॅटो मुंबईला नेला होता. हिच्याच टपावर बसवून थोरल्या लेकीची वरात काढली होती. आणि आता ती कांदा भरायला कळवणला जाणार, आणि तीही आपल्या जिभेपायी!

"काकड! नववा नंबर!" कुंदनशेठने पुकारा केला.

पलीकडून सुवर्णा आली. हात काळे झालेले, हातात पाना. "शेठ, आधी दुसऱ्यांच्या गाड्यांचं काय लिहायचं ते लिहून घ्या. टेपाची आन् बल्बांची वायर काढलीय म्या, आमची दहा मिनटं उभी राहू द्या."

"का?"

"धाप लागलीय तिला."

बॅटरीला धाप लागते हे कोंडाजीच्या व्याख्यानात नव्हतं. दहा मिनिटांनी सुवर्णा म्हणाली, "बसा आता. क्लच दाबून धरा. आन् सेल्फ एकदाच, नीट."

कोंडाजीने डोळे मिटून चावी फिरवली. घर्र... घर्रर्र... (इथे त्याने कालिका मातेला नारळ बोलला.) घर्रर्र... आणि इंजिन असं गरजलं की बॉनेटवरचा झेंडू खाली सांडला. माणसांनी टाळ्या पिटल्या. महेशचा चेहरा उतरला, पाहुण्यांनी टायर दाबायचं थांबवलं. कोंडाजी केबिनमधून उतरला तो नऊ इंच उंच होऊन.

"बघितलं? सहा वर्षं! याला म्हणत्यात निगा!"

"थांबा, थांबा. साल बघू दे," म्हणत कुंदनशेठ पेटीपाशी वाकले. बॅटरीवर लाल रंगात 'को. का. १९९५' असं टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. कुंदनशेठनी रॉकेलच्या बोळ्याने बॅटरीच्या टोकाचा शिशाचा खुंटा पुसला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ठसा तर सत्त्याण्णवचा आहे."

"कारखान्याची चूक असंल," कोंडाजी बेधडक म्हणाला.

"ठसा पडायच्या दोन वर्षं आधी कारखाना बॅटरी कशी विकेल? आणि हा नंबर माझ्याच दुकानातला वाटतोय." त्यांनी आतून जुनं बिलबुक आणलं, थुंकी लावून पानं उलटली. "हे बघा. फेब्रुवारी सत्त्याण्णव. एक जोडी. मखमलाबाद. नाव, सौ. सुवर्णा काकड! अहो, आठवलं मला. या बाई आल्या होत्या. गाडीमालकाचं नाव विचारलं तर सांगेचनात. 'यांचं नाव असं दुकानात कसं घेऊ?' म्हणाल्या. शेवटी मी म्हटलं, मग तुमचंच लिहितो!"

सगळ्या माना सुवर्णाकडे वळल्या. तिने पाना पदराआड लपवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"तुम्हीच शहाण्णवच्या दसऱ्याला म्हणाला व्हता," ती खाली मान घालून सांगू लागली, "बॅटरीला शुद्ध पाणी लागतं, एकदम शुद्ध. म्या म्हणलं, रामकुंडाच्या तीर्थापेक्षा शुद्ध काय असंल? देव्हाऱ्यातली बाटली आणली आन् पूजा करून दोन्हींत वतली. तुळशीचं पान टाकून."

"तुळशीचं पान?" कुंदनशेठनी छातीला हात लावला.

"चिमूटभर हळद-कुंकू बी. मग माघात तुम्ही फ्लॉवरच्या ढिगावरून पडला, पाय प्लास्टरात. इकडं गाडी उभ्याउभ्या मेली. आता तीर्थानं बॅटरी मेली असं कुण्या तोंडानं सांगायचं? देवाला बी बोल आन् तुम्हाला बी. म्हणून नवी जोडी आणली आन् वर तुमच्यासारखी अक्षरं काढली. रांगोळीचा हात हाय माझा. तवाच या शेठनी सांगितलं, गरम पाण्यानं टोकं धुवा, व्हॅसलिन लावा, डिस्टिल पाणी घाला, क्लॅम्प आवळा. ते करती दर शनिवारी."

कोंडाजीने तिच्या टाचांकडे पाहिलं. टाचांना एकही भेग नव्हती.

महेशला हसू आवरेना. बाकीचे ट्रकवालेही हसू लागले, पण कुंदनशेठ बोळा घेऊन रांगेतल्या बाकीच्या गाड्यांकडे वळले तसे गप्प झाले. 'सात वर्षं' म्हणून आलेली बॅटरी तीन वर्षांची निघाली, पाचवाली अडीच. एकाने तर ठसाच कानशीने घासून आणला होता. त्या दिवशी द्वारकेला बॅटऱ्यांपेक्षा त्यांचे मालकच जास्त चार्ज होऊन आले होते. खरीखुरी जुनी जोडी एकच ठरली. पावणेपाच वर्षांची, मखमलाबादची.

"गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, तेव्हा गाडी दाजींची," महेशने कबूल केलं. कोंडाजीचा जीव भांड्यात पडला. तो शर्टाची कॉलर नीट करून सत्काराला पुढे झाला.

"आणि बक्षीस," कुंदनशेठ म्हणाले, "बिलावर ज्यांचं नाव त्यांना. वहिनी, या पुढं."

कोंडाजी तसाच उजवीकडे वळला आणि एका केळीच्या खुंटाशी उभा राहिला, जणू खुंट बघायलाच निघाला होता. सुवर्णाला शाल पांघरली, नारळ दिला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दुकानात नाव घेतलं नव्हतं, आता घ्या!" मग सगळेच ओरडू लागले, "नाव घ्या, नाव घ्या!" सुवर्णा लाजली, पदर सावरला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"रामकुंडाचं तीर्थ देव्हाऱ्यात, डिस्टिल पाणी बॅटरीत,
कोंडाजीरावांचं नाव घेते, टेप ठेवून पेटीत!"

कळवणचे पाहुणेसुद्धा शिट्टी मारून गेले. परतीच्या वाटेवर टेप खरोखरच पेटीत गेला होता. मखमलाबाद आल्यावर कोंडाजी हळूच म्हणाला, "मला सांगायचं व्हतंस ना."

"तुम्ही मधी थांबत कधी व्हता?" सुवर्णा म्हणाली. मग दोघांनाही हसू फुटलं.

नवी जोडी तिने लगेच लावू दिली नाही. जुनीच अजून वर्षभर ओढेल म्हणाली. आणि ओढलीही.

दिवाळीनंतर एके सकाळी आडगाव नाक्याचा वाल्मीक, स्वतःचा ट्रक चालवणारा, दारात येऊन उभा राहिला. त्याची बॅटरी सहा महिन्यांतच बसली होती. कोंडाजी उत्साहाने बाहेर आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बसा. बॅटरी मरत नसती..."

"भाऊ, वहिनी हायेत का?"

"मळ्यात गेलीय. येईल इतक्यात," कोंडाजी म्हणाला. निदान पाहुणचार तरी आपल्या हातून व्हावा म्हणून तो आत गेला, फडताळातली बाटली काढली आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. वाल्मीकने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"भाऊ, पाणी लय अळणी लागतंय हो."

कोंडाजीने आत जाऊन बाटली फिरवून पाहिली. मागच्या बाजूला लाल रंगात, रांगोळीच्या हाताने, टपोरी अक्षरं काढलेली होती:

'बॅटरीचं पाणी. यांनी हात लावू नये.'