साडेसहा मात्रा

दस्तगीरभाईंनी आमच्या दाराची कडी कधी दोनदा किंवा तीनदा वाजवली नाही. सात वेळा वाजवायचे. मी चौथ्या ठोक्याला दार उघडलं, तर उरलेले तीन ठोके ते चौकटीवर पुरे करायचे आणि मगच विचारायचे, "सर, हायसा व्हय घरात?" मी समोर उभा असायचो.

ते गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून मी बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसतो आहे. गमतीचे प्रसंग पुष्कळ आहेत. ते आठवताना हसूही येतं. पण एक गोष्ट माझ्या हातून झाली आणि ती सांगितल्याशिवाय त्या गमतींना अर्थ नाही.

आमच्या गावच्या शनिवार पेठेत, आमच्या घरासमोर त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. डबे, बादल्या, धान्याच्या कोठ्या. लग्नसराईत ते आण्णांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. आण्णा म्हणजे बँडचे मालक, स्वतः क्लॅरिनेट वाजवणारे, मिशीवाले, तापट. दुकानामागच्या दोन खोल्यांत दस्तगीरभाई आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. गल्ली तिला भाभी म्हणायची.

भाभीचा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता. एका सुट्टीला तो हातकणंगल्याला, तिच्या माहेरी, आला तेव्हा त्यानं बहिणीसाठी परदेशी रेकॉर्ड प्लेअर आणला. सोबत एक तबकडी. भाभीनं कव्वाली सांगितली होती. भावानं बंदरावरच्या दुकानात जे हाताला लागलं ते उचललं. कव्हर वाटेत हरवलं होतं, मधला कागद पाण्यानं धुऊन गेला होता. त्यामुळे कुणाचं गाणं, कुठलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. इंग्रजी होतं एवढं खरं. तबकडीच्या अख्ख्या एका बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांचं.

भाभीनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ह्यो तवा भाकरीला तरी घ्या."

दस्तगीरभाईंनी मात्र वीस मिनिटं ऐकलं आणि सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली. "ही बी कव्वालीच की," ते म्हणाले. "टाळ्या तेवढ्या न्हाईत."

महिनाभर त्यांना त्या गाण्यातला ड्रम उमगेना. बँडच्या कामात चार मोजले की सगळं बसतं. हे काही केल्या चारात बसत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांनी दुकानाच्या फळीवर पत्रा जोडायची रिबिटं मांडली, प्रत्येक ठोक्याला एक, आणि धावत माझ्याकडे आले. "सर, सात हाईत! त्यो गडी सातात वाजवतोय आणि बाकीच्यास्नी पत्ताच न्हाय!"

त्या दिवसापासून तो न पाहिलेला, नाव माहीत नसलेला ड्रमवाला त्यांचा वस्ताद झाला. तालमीतल्या वस्तादाबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलायचे. "वस्तादानं आता डाव टाकला बघा." "वस्ताद दमलाय, पर दाखवत न्हाय." एकदा म्हणाले, "वस्तादाला मूलबाळ नसणार." मी विचारलं, कशावरून? "एवढा सराव कोण करू दील?"

पत्र्यावरची हातोडी सातात चालू लागली. कडी सातात. पायऱ्या सातात, त्यांच्या घराला पाच पायऱ्या होत्या, म्हणून ते वर पोचून दोनदा जागच्या जागी पाय उचलायचे. गिऱ्हाईक वाट बघत असायचं. "पावणं, दोन राहिल्यात," ते सांगायचे.

मग हातकणंगल्याची ती वरात झाली. मी नव्हतो, पण आण्णांनी ती इतक्यांदा सांगितली की मी असल्यासारखाच आहे. वरात रंगात आली होती, नवऱ्याचे मामा-काका रस्त्यात नाचत होते आणि दस्तगीरभाईंनी हळूच सात सुरू केले. पहिल्यांदा मोठे काका अडखळले. मग मामांनी हवेत उचललेला पाय हवेतच ठेवला. "अरं, ह्यो पाय ठेवू कुठं?" ते ओरडले. घोडं बिचकून मागं सरकायला लागलं. नवरदेवानं मुंडावळ्या सोडून घोड्याची मान धरली.

आण्णांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "दस्तगीर! लगीन हाय ह्ये, परीक्षा न्हवं!"

"आण्णा, एकच फेरा. सम येऊ दे."

"तुझ्या समंवर घोडं बसलंय की रं!"

पुढच्या लग्नात आण्णांनी त्यांच्या हातात ड्रमऐवजी खुळखुळा दिला. दस्तगीरभाई मुळीच रागावले नाहीत. "खुळखुळा बी सातात वाजतो," एवढंच म्हणाले. महिन्यानं आण्णांनी मुकाट्यानं ड्रम परत केला.

शुक्रवारी दुपारी ते नमाजाहून आले की दुकान बंद असे. तेव्हा आत प्लेअर लागायचा. मी जायचो, आणि शिव्या देत देत आण्णाही यायचे. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. संगीतातलं मला काही कळत नाही. पण त्या गाण्यात निम्म्याच्या पुढे एक जागा होती, तिच्यासाठी मी जायचो. सातचे फेरे एकसारखे चाललेले असत आणि एकाएकी एक फेरा साडेसहाचा होई. सहा मात्रा पुऱ्या, सातवी निम्मी, आणि गाणं एकदम पुढे उडी घेई. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं व्हायचं. आण्णांसारखा माणूस मांडीवर थाप मारायचा. "च्यायला, काय हात हाय!"

नेमक्या त्याच क्षणी आतून, चुलीपाशी बसलेल्या भाभीची पळी पातेल्यावर वाजायची. टक्. मला वाटायचं, ती वैतागली आहे. मला ती नेहमी म्हणायची, "सर, तुमी शिकलेली माणसं. ह्यास्नी सांगायचं सोडून तुमीच येऊन बसतासा." मी ओशाळून चहा प्यायचो.

एकदा मी त्या जागेचं फार कौतुक केलं. वस्तादाची सगळी विद्या या अर्ध्या मात्रेत आहे, असं काहीतरी बोललो. दस्तगीरभाई तबकडी पुसत होते. मान न उचलता म्हणाले, "तेवढा एक डाव वस्तादाचा न्हाय, सर."

मी त्या वाक्यानं भारावलो. घरी जाऊन लेख लिहिला. कलावंताच्या हातून घडणारं, पण त्याचं नसलेलं असं काही कलेत असतं. माप पाळता पाळता एके ठिकाणी तो माप सोडतो, आणि तिथे त्याच्याहून मोठं कुणीतरी वाजवून जातं. एका लहानशा मासिकानं तो छापला. मी तो दस्तगीरभाईंना वाचून दाखवला. ते खूप वेळ खाली बघत राहिले. आतून भाभी हसली. "काय लिवलंयसा हो सर," ती म्हणाली, "मोठं कोण म्हणं?" आणि पुन्हा हसली. मला वाटलं, तिला ते समजलं नाही.

पुढच्या चैत्रात भाभी काविळीनं गेली. आठ दिवसांत. दवाखान्यातून तिला आणली तेव्हा दस्तगीरभाई दाराशी उभे होते आणि त्यांची बोटं चौकटीवर हलत होती, पण आवाज येत नव्हता.

दुखवट्याला आलेल्या नातेवाईक बायकांनी घर धुऊन काढलं. गाद्या, वाकळा, ट्रंका, सगळं दुकानाच्या पत्र्यावर उन्हात टाकलं. त्यात तबकडीही गेली. संध्याकाळी दस्तगीरभाईंनी ती खाली आणली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी वळली होती. त्यांनी ती तशीच प्लेअरवर ठेवली. सुई वर चढली, खाली उतरली आणि बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तबकडीच्या मापाचा, वळणासकट मावेल असा पत्र्याचा डबा केला. इतका नीट डबा त्यांच्या हातून कधी झाला नव्हता.

नंतरची चार-पाच वर्षं ते गाणं फक्त त्यांच्या हातात उरलं. शुक्रवारी ते साइड ड्रम मांडीशी घ्यायचे आणि वीस मिनिटं वाजवायचे, ऐकायला मी एकटा. आण्णांनी येणं सोडलं. म्हणाले, बघवत न्हाय. ती जागा आली की सहा पुरे, सातवी निम्मी, मग ड्रमच्या कडेवर काडीचा एक ठोका. टक्. आणि पुढे.

मला वाटे, हा माणूस बायको गेल्यापासून या गाण्यावर जगतो आहे आणि त्याला ते ऐकायलाही मिळत नाही.

त्या सुमारास मी भाच्याला भेटायला पुण्याला गेलो. तो इंजिनिअरिंगला होता. वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीतून ते गाणं आलं. मी बोलता बोलता थांबलो. पहिल्या फेऱ्यालाच ओळखलं. दारात जाऊन उभा राहिलो; ती मुलं गोंधळून उठली. मी म्हटलं, बसा, चालू द्या. मी हाताच्या बोटांवर मोजत होतो. ती जागा आली. सात. पुन्हा सात. पुन्हा सात. गाणं सरळ पुढे गेलं.

उडी नव्हतीच. आमच्या तबकडीला ओरखडा होता. सुई एक रेघ सोडून पुढच्या रेघेत पडत होती. मी एका ओरखड्यावर लेख लिहिला होता.

मी गप्प बसू शकलो असतो. याचा विचार मी रोज करतो. पण मला खरोखर वाटलं की मी त्यांना त्यांचं गाणं परत नेऊन देतो आहे, आणि तेही शुद्ध, पूर्ण. शिवाय मी शिक्षक. चूक कळल्यावर ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भाच्याच्या मित्रांनी कॅसेट भरून दिली. शाळेचा टेपरेकॉर्डर मी शुक्रवारी मागून आणला.

गाणं सुरू झालं तसे दस्तगीरभाई उभेच राहिले. "वस्ताद आला की हो!" ते म्हणाले. डोळे भरले होते. पटकन ड्रम ओढून घेतला आणि वस्तादाबरोबर वाजवायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. ती जागा जवळ आली. त्यांनी उडी घेतली, आणि त्यांची काडी एकटीच कडेवर वाजली. वस्ताद मागेच राहिला होता, आपले सात पुरे करत.

त्यांनी काड्या खाली केल्या.

"ओरखडा होता, भाई," मी म्हणालो. "मुळात हे असं आहे. ऐका पुन्हा." मी टेप मागे घेतला. त्यांनी माझा मान राखून वाजवलं. चुकलं. मी पुन्हा मागे घेतला. "सातच. मोजा, सोडू नका." तिसऱ्यांदा चुकलं. चौथ्यांदा बरोबर आलं. मी "शाब्बास" म्हणालो. वर्गात म्हणतो तसं.

ते म्हणाले, "ओरखडा हाय, मला ठावं हाय, सर. माझ्या समोरच पडलाय."

मग त्यांनी सांगितलं. तबकडी आली त्याच वर्षी, एका सकाळी दूधवाला दारात हाका मारत होता आणि गाण्यात यांना ऐकू येत नव्हतं. भाभी चिडून आली आणि बंद करायला गेली. तिची बांगडी सुईच्या दांडीत अडकली. तिळाएवढा ओरखडा. "मी लई बोललो तिला. नगं नगं ते बोललो. चार दिस बोलली न्हाय माझ्यासंगं. पाचव्या दिशी मी भीत भीत तवा लावला. त्या जागंला सुईनं उडी मारली आणि ती आतनं हसली की. म्हणाली, घसरला बघा तुमचा वस्ताद! तवापासनं रोज तिथं पळी हाणायची. सगळं गाणं तिला नगं असायचं. तेवढ्याची वाट बघत बसायची चुलीपाशी."

माझ्या लेखावर ती का हसली होती, ते मला तेव्हा कळलं.

कॅसेट मी परत नेली. पण पुढच्या शुक्रवारी गेलो तर दस्तगीरभाई ड्रमपाशी नुसतेच बसले होते. "बघा की," म्हणाले आणि वाजवायला लागले. ती जागा आली. सात. थांबले, मागून सुरुवात केली. पुन्हा सात. अगदी बरोबर, वस्तादासारखे.

"हाताला खरं कळलं, सर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता चुकंना झालंय."

असे कितीतरी शुक्रवार गेले. ते कधी डोळे मिटून वाजवायचे, कधी मुद्दाम माझ्याशी बोलता बोलता. त्या जागेला हात आपोआप सातवी पुरी करायचा. शेवटी एकदा मला राहवलं नाही. मी उठून आत गेलो. चुलीवरच्या खिळ्याला ती पळी होती तशीच अडकवलेली होती. पातेलं पालथं घेऊन मी बसलो आणि म्हणालो, "वाजवा भाई. मी आहे."

त्यांनी वाजवलं. मी श्वास धरून मोजत राहिलो. जागा आली, साडेसहाला मी पळी हाणली. ड्रम थांबला.

ते उठून आत आले. माझ्या हातातली पळी त्यांनी हळूच काढून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खिळ्याला अडकवली.

"तुमी मोजून हाणताय, सर," ते म्हणाले. "ती मोजत न्हवती."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून हातोडीचे ठोके सुरू झाले. मी पुस्तक मिटून खिडकीशी उभा राहिलो. सात. पुन्हा सात. मी वाट पाहत राहिलो. पुन्हा सात.