दोन म्हशी, दोन मिशा आणि पावणं

प्रवास कसा करावा हे माझ्याकडून शिकावं! (हे मीच म्हणतोय, कारण दुसरं कुणी अजून म्हटलेलं नाही.) लोक गळ्यात कॅमेरा अडकवून आणि डोक्यावर टोपी चढवून गावं बघत हिंडतात. गावातल्या कुत्र्यालासुद्धा लांबूनच कळतं, हा बाहेरचा! आपलं तसं नाही. मी ज्या गावात उतरतो, त्या गावचाच होऊन जातो. माझा नियम एकच. कुणी काहीही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' म्हटलं की माणूस परका झालाच! आणि कोल्हापूर जिल्ह्यात तर 'हो'ला नुसतं 'व्हय' म्हणायचं असतं. तो 'व्हय' मी ठाण्यात आरशासमोर उभं राहून आठवडाभर घोटला होता. बायको म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

दिवाळी होती. भाऊबीजेसाठी बाबा कोल्हापूरला आत्याकडे निघाले. सोबत आई आणि माझी बायको. गाडीत जागा होती, पण माझ्यातला प्रवासी कुठला ऐकायला! मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी गडहिंग्लजकडची खेडी बघत बघत पाडव्याला संध्याकाळपर्यंत येतो."

आणि पाडव्याच्या सकाळी मी चिकेहाळच्या स्टँडवर उतरलो. का उतरलो? पाटीवरचं नाव आवडलं म्हणून! स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यातल्या एकुलत्या एका बाकावर बसलेली शेळी. समोर तीन माणसं भलामोठा हार घेऊन उभी होती. त्यातल्या जाडजूड गृहस्थांनी मला खालून वर न्याहाळलं.

"पावणं न्हवं?"

इकडे अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतात हे मला पक्कं माहीत होतं. मी छाती पुढं काढली. "व्हय! पावणंच की!"

दाणकन हार गळ्यात!

"मी बाळासो. मंडळाचा अध्यक्ष," ते म्हणाले. "लई वाट बघाय लावली बगा. आरं, हलगी सुरू करा की!"

हलगी कडाडली, शेळी बाक सोडून पळाली. कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. गुंडाळतोय, गुंडाळतोय, संपेचना! मग मला फुलं लावलेल्या ट्रॅक्टरवर चढवलं आणि गावातून मिरवणूक निघाली. कोल्हापूरच्या पाहुणचाराविषयी मी बरंच ऐकून होतो, पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची मिरवणूक? याला म्हणतात संस्कृती! एकानंही माझं नाव विचारलं नाही. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अगं, इथं प्रत्येक प्रवाशाचं असंच स्वागत करतात!" मी हलगीच्या वर आवाज काढून ओरडलो.

"तुम्ही कशाला 'व्हय' म्हणालात?" तिनं विचारलं.

मी फोन ठेवला. काही माणसांना आनंद बघवत नाही.

ट्रॅक्टर शाळेच्या मैदानात शिरला आणि समोरचा फलक वाचून माझा फेटा आपोआप सैल झाला. 'पाडव्यानिमित्त भव्य म्हैस सौंदर्य स्पर्धा!' खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रमुख पाहुणे व परीक्षक: डॉक्टरसाहेब, जनावरांचा दवाखाना.' आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्या पावण्याला 'व्हय' म्हणालो होतो, तो पावणा वेगळाच होता!

मैदानात म्हशीच म्हशी. शिंगं रंगवलेली, कपाळावर आरसे, गळ्यात घुंगरू, शेपटीला गोंडा. माझा म्हशीशी आलेला सगळा संबंध पिशवीतल्या दुधातून! मी बाळासोंचा शर्ट धरला. "अहो, मी तो पावणं नाही..."

"आसं म्हनायचंच की मोठ्या मानसानं!" बाळासो प्रेमानं म्हणाले आणि मला स्टेजवर ढकललं.

स्टेजखाली एक माणूस सतरंजीवर वस्तऱ्याला धार लावत बसला होता. पुढं वाटी, पाणी, साबण. मी विचारलं, "हे कशासाठी?"

"त्यो ज्ञानू. मिशीसाठी बसलाय," बाळासो म्हणाले. "हंबीररावाची नागीण आन भाऊसोची पाखरी, हितं खरी लढत हाय. दोघांनी भर चावडीत पैज लावलीया. ज्याची म्हस हरंल त्यानं मिशी काढायची. तुमी फकस्त निकाल सांगायचा."

मी खाली बघितलं. डावीकडे हंबीरराव, उजवीकडे भाऊसो. दोघांच्या मिशा अशा की तोंड नंतर उगवलं असावं. दोघंही माझ्याकडे बघून त्यांना पीळ देत होते. आणि दोघांच्या मधे, पुढच्याच खुर्चीत, हंबीररावांचे वडील आण्णा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, पण आवाज भोंग्याला लाजवणारा.

"पावणं, एक सांगून ठेवतो," आण्णा गरजले. "बाप मेल्याबिगर पोरानं मिशी काढायची न्हाय ही आमची रीत. उद्या ह्यो बिनमिशीचा भायेर पडला की लोकं मलाच हार घालायला येत्याल! आमच्या हंब्याची मिशी गेली तर तुमची गाठ माझ्याशी हाय."

भाऊसोंच्या मागं बसलेले त्यांचे वडीलही उठले. "आन आमच्या भाऊसोची गेली तर माझ्याशी!"

माझा हात आपोआप माझ्या मिशीवर गेला. कारण रीत आमच्याकडेही तीच. बाबांचा दंडकच आहे, 'मी असेपर्यंत मिशीला ब्लेड लावायचं नाही.' लग्नाच्या वेळी बायकोनं रडून सांगितलं तरी माझी मिशी राहिली होती! म्हणजे एका बाजूनं निकाल दिला की दुसऱ्या बाजूचा बाप जिवंतपणी मेला. हे पाप मी माझ्या डोक्यावर का घेऊ?

एवढ्यात एक तरुण बाई बायकांच्या घोळक्यातून उठून स्टेजपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "मी डॉक्टर अक्षता. जनावरांची डॉक्टर. प्रमुख पाहुणी मी आहे."

सुटलो! मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. "मग तुम्ही तिकडे काय करताय?"

"तुमच्याच एसटीतनं उतरले. मला म्हणाले, 'कुणाच्यात आलाईसा ताई?' आणि उत्तर ऐकायच्या आत बायकांत नेऊन बसवलं. चहा दिला, करंजी दिली."

"या, या, वर या! ही खुर्ची तुमचीच!"

त्यांनी वस्तऱ्याकडे बघितलं. मग दोन्ही मिशांकडे बघितलं. "नको. परवाच माझी इकडं बदली झालीय. तीन वर्षं मला ह्याच गावात सुया मारायच्यात. तुमचं बरं आहे, तुम्ही एसटीनं जाणार!" आणि बाई शांतपणे जाऊन उरलेली करंजी खायला लागल्या.

माईकवर माझा पुकारा झाला. मी खाली उतरलो. डॉक्टर म्हणून काहीतरी तपासायला हवं, म्हणून मी नागिणीचा कान उचलून आत बघितलं. गर्दीतून आवाज आला, "बगा, कानापास्नं सुरवात! शिकल्याला मानूस!" मग पाखरीच्या मागं गेलो आणि तिनं शेपटीचा गोंडा माझ्या तोंडावर असा हाणला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी म्हणालो, "प्रतिक्षेप उत्तम!" टाळ्या! तेवढ्यात नागिणीनं माझ्या फेट्याचा तुरा तोंडात धरला आणि चघळायला लागली. मी ओढतोय, ती ओढतेय! शेवटी अर्धा फेटा तिला देऊन मी स्टेजवर परतलो आणि आयुष्यातला सगळ्यात हुशार निर्णय जाहीर केला.

"नागीण आणि पाखरी! दोघींचाही पहिला नंबर!"

मला वाटलं, टाळ्यांचा कडकडाट होईल. पण कसलं काय! ज्ञानू वस्तरा घेऊन उभा राहिला.

"म्हंजे? हरलं कोन?"

"कुणीच नाही!"

"आसं कसं पावणं? पैजेला उघडल्याला वस्तरा कोरडा मिटायचा न्हाय. माझ्या आज्यापास्नं रीत हाय."

"रीत हाय! रीत हाय!" अख्खं मैदान ओरडलं. कुणीतरी म्हणालं, "दोघांची बी काढा!" तसे दोन्ही बाप काठ्या घेऊन उठले. आण्णा तरातरा स्टेजवर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आता काठी बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण आण्णांनी माझ्या मिशीकडे निरखून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पावणं, तुमचं वडील?"

विषय घरच्यांवर आला म्हणून मला केवढं हायसं वाटलं! मी उत्साहानं म्हणालो, "बाबा? ते गेले की परवाच!"

आण्णांची काठी खाली आली. "आरारारा! परवा? कशानं गेलं?"

"गाडीनं."

"आगागागा! आन आई?"

"तीपण. एकदमच गेले सगळे. बाबा पुढं, मागं आई आणि बायको."

"बायकू बी?" बाळासो हादरले. माईक त्यांच्या हातातच होता, त्यामुळं ते चारी भोंग्यांतून हादरले. "आन तुमी कसं ऱ्हायला?"

"मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढं!"

बायकांमधून हुंदका आला. हंबीररावांनी फेटा काढून डोळ्यांना लावला. भाऊसो नाक शिंकरायला लागले. एका परक्या माणसाच्या घरच्यांविषयी एवढी आपुलकी! मलाही भरून आलं. मी आण्णांचे हात हातात घेतले.

"अहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? मीपण संध्याकाळी जाणारच आहे त्यांच्याकडं!"

"धरा!" आण्णा किंचाळले. "पावण्याला धरा! विहिरीकडं जाऊ दिऊ नगा!"

आठ जणांनी मला धरलं. त्यातले दोघं नक्कीच पैलवान होते. मला सतरंजीवर बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. आण्णा समोर बसले. त्यांच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहत होतं.

"पोरा, तीन जीव गेलं घरातलं, तरी दिल्याला शबुद मोडला न्हाईस. आमच्या म्हशी बघाय आलास. मिशी काढायला सुदिक तुला येळ गावला न्हाय रं! ज्ञानू, हिकडं ये. पावण्याचं दुख त्ये आपलं दुख."

आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा मला 'कशानं गेलं'चा अर्थ कळला!

"अहो, जिवंत आहेत!" मी ओरडलो. "सगळे जिवंत आहेत! आत्याकडं आहेत!"

"आसंच वाटतं, पोरा," आण्णा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "माझा भाऊ गेला तवा मला बी म्हैनाभर आसंच वाटायचं."

"मी फोन लावून देतो!"

"कुनाला लावतोस आता," आण्णा म्हणाले आणि त्यांनी माझा फोन आपल्या बंडीत ठेवला.

ज्ञानूनं साबण लावला. "हलू नगा पावणं. वस्तरा हाय."

मी हललो नाही. बाळासोंनी माईकवर दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळं मैदान माना खाली घालून उभं राहिलं. हलगीवाल्यांनी हलग्या खाली ठेवल्या. अठरा वर्षं पाळलेली माझी मिशी त्या दोन मिनिटांत सतरंजीवर पडली, आणि मी ओठ हलवून निषेधही करू शकलो नाही. नागीण तेवढी एकदा हंबरली.

"डोस्कं बी करायचं न्हवं?" ज्ञानूनं रीतीप्रमाणे विचारलं आणि उरलेला फेटा उतरवायला हात घातला.

"एसटी लागली!" डॉक्टर अक्षता धावत आल्या. "पावण्यांना जाऊ द्या! ही चुकली तर संध्याकाळपर्यंत गाडी नाही!" माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "डोकं वाचवलं. मिशीला थोडा उशीर झाला, हसू आवरत नव्हतं."

निरोप मात्र असा दिला की विचारू नका! शाल दिली, नारळ दिला, फोन परत दिला. वाटेत उडी मारू नये म्हणून मला खिडकीपासून लांब बसवायला कंडक्टरला बजावलं. हंबीरराव आणि भाऊसोंनी आळीपाळीनं मला मिठी मारली, दोघांच्या मिशा मला टोचल्या. "तुमी आमची आब्रू वाचवली," दोघं म्हणाले. पैज फिटली होती, वस्तरा ओला झाला होता, दोन्ही बाप जिवंत होते. सगळं गाव सुखी!

कोल्हापूरला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. आत्याच्या दारात रांगोळी, दारावर तोरण. अंगावर शाल, हातात नारळ आणि नाकाखाली लख्ख अशा अवतारात मी बेल दाबली. दार बाबांनीच उघडलं. आत आई चकल्या तळत होती, बायको माझ्यासाठी ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. तबक तिरकं झालं. आत्या ओरडली, "अगं बाई, कोण गेलं?"

 बाबांनी माझ्या ओठाकडे बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला, ठोका लागतोय का. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कधी गेलो मी?"

याचं खरं उत्तर 'परवा, गाडीनं' असं होतं. पण ते द्यायची माझी छाती झाली नाही.