फुलाला पाठ-पोट नसतं

माहरुखने ठरवलं होतं ते एवढंच, की नणंदेला आठवड्यातून तीनदा आपल्या दिवाणखान्यात व्यायाम करू द्यायचा. गालिचा जाड होता, पंखा चालू होता, दाराला कडी होती. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. (माहरुखला असं वाटलं की समजावं, काहीतरी बिघडणार. लग्नाच्या दिवशीही तिला असंच वाटलं होतं.)

नणंद गुलनूश एकोणीस वर्षांची, हुशार, जिभेने तिखट. गेल्या साली विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या सकाळीच तिची पाळी आली आणि पोटात अशी कळ उठली, की निम्मा पेपर तिने बाकावर कपाळ टेकून काढला. नंतर डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, आत काही दोष नाही म्हणाल्या, आणि दवाखान्यातल्या व्यायामोपचारवाल्या मुलीकडे पाठवलं. तिने पाठ, कंबर, मांड्या ताणायचे काही प्रकार शिकवले आणि बजावलं, की दुखायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, आधीपासून नेमाने करायचं, मग दोन-तीन महिन्यांत फरक पडतो.

सासूबाई इस्मतखानुम यांच्याकडे मात्र एकच औषध होतं. "लग्न झालं की जातं," त्या सांगत. "त्यानेही नाही गेलं तर मूल झालं की जातं. आमच्या माहरुखकडे बघा."

औषध तयारही होतं. ते जवळच्या नतंझ गावी राहायचं, त्याची नाशपातीची बाग होती, आणि नात्याने ते गुलनूशच्या मावसमावशीचा मुलगा होतं. यंदा पेपर पुन्हा बुडाला तर त्या लोकांना चहाला बोलवायचं असं घरात ठरलं होतं. कोणी तसं बोलत नव्हतं, पण सासूबाईंनी चांगल्या कपबश्या खाली काढून ठेवल्या होत्या.

आणि "माहरुखकडे बघा" म्हटलं की माहरुख हसायची. खरी गोष्ट अशी, की तिचं दुखणं लग्नानंतर गेलं नव्हतं आणि लेक तेर्मेच्या जन्मानंतरही गेलं नव्हतं. दर महिन्याला ती स्वयंपाकघरात फ्रीजच्या आड उभी राहून पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरायची आणि दीड वर्षांची तेर्मे तिच्या पायाला धरून "मलापण" म्हणायची. पण चारचौघांत सासूचं बोलणं खोटं पाडायचं कसं? तेव्हा औषधाची जाहिरात म्हणून तिला घरोघर मिरवलं जात होतं, आणि बाटली रिकामी आहे हे फक्त तिला ठाऊक होतं.

तर व्यायाम सुरू झाला. त्यात एक प्रकार असा होता, की पाय फाकवून अर्धवट बसायचं, टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. गुलनूश हळू टेकवायची. तेर्मे तिचं पाहून दणादण आपटायची. दुसऱ्याच दिवशी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या तूरानखानुम आल्या होत्या.

"माहरुखजान, रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या, "पण आमचं झुंबर नाचतंय. वर काय चाललंय?"

आता हे सांगायचं कसं? माहरुखचा नवरा बेहरंग नेमका मागे उभा होता, हातात किसलेल्या गाजराची वाटी घेऊन. बाईमाणसांच्या या गोष्टी पुरुषांसमोर कोण बोलणार? माहरुखच्या तोंडातून निघालं, "व्यायाम, खानुम. पाठीचा. पाठीला फार चांगला."

"माझीही पाठ दुखते," बेहरंग मागून म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

इथे थांबली असती तरी निभावलं असतं. पण आलेल्या माणसाला दारातूनच परत कसं पाठवायचं? आमच्या काशान शहरात ते शोभत नाही. माहरुख म्हणाली, "तुम्हीही या ना करायला. घर तुमचंच आहे."

आता, घर तुमचंच आहे हे आम्ही भाजीवाल्यालाही म्हणतो, म्हणून तो काही बोचकं घेऊन राहायला येत नाही. समोरच्याने "छे छे, तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं, आपण पुन्हा आग्रह करायचा, त्याने पुन्हा नाही म्हणायचं, आणि दोघांनी समाधानाने आपापल्या घरी जायचं, अशी रीत आहे. तूरानखानुमनी एकदा "छे छे" म्हटलं. माहरुखने निर्धास्तपणे आग्रह केला. तूरानखानुम म्हणाल्या, "बरं, तू एवढं म्हणतेस तर," आणि चपला काढल्या.

पुढच्या वेळी त्या आपल्या जावेला घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या वेळी जावेच्या दोघी शेजारणी आल्या. बेहरंगची रवानगी जिन्यात झाली.

घरात फक्त बायका उरल्यावर व्यायाम खरा कशाचा आहे ते अर्थातच पहिल्या चहाआधी सगळ्यांना कळलं. पण कोणी उठून गेलं नाही. उलट एकेक जण आपापली कहाणी सांगायला लागली.

अडचण वेगळीच होती. आधी कोणी आडवंच होईना. "तुम्ही मोठ्या, आधी तुम्ही." "छे, तुमच्या आधी मी कशी पाठ टेकू?" कशाबशा आडव्या झाल्या तर कोणाचे पाय कोणाच्या डोक्याकडे जाणार यावर अडलं, कारण वडीलधाऱ्यांकडे पाय करणं बरं नव्हे. मग गुलनूश म्हणाली, ओणवं होऊन मांजरीसारखी पाठ उचला. सगळ्या ओणव्या झाल्या आणि प्रत्येकीच्या लक्षात आलं, की आपल्या मागे कोणीतरी आहे.

"माफ करा हं खानुम, तुमच्याकडे पाठ झाली."

"असू दे, फुलाला पाठ-पोट नसतं."

"तरी पण."

"अहो, खरंच नसतं."

हे रांगेत शेवटपर्यंत पोचून परत येईतो कोणाचीही पाठ उचललेली नसे. गुलनूशने शेवटी सर्वांना भिंतीकडे पाठ करून गोल बसवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "इथे कोणी फूल नाही. सगळ्या मांजरी आहेत. श्वास घ्या."

आणि माहरुख? माहरुखने व्यायाम केला नाही. पाहुण्यांना चहा नको? कलिंगड कोण कापणार? काकड्या सोलून, मीठ लावून कोण ठेवणार? "ये गं, तूही ये," असं सगळ्या म्हणायच्या आणि ती "आलेच, आलेच" म्हणत तबक घेऊन ओणव्या बायकांमधून वाट काढायची. कलिंगडं उचलून तिची कंबर मात्र पुरती धरली. (पाठीचा व्यायाम म्हणून सांगितलं होतं, तेवढं तिच्यापुरतं खरं झालं.)

गुलनूशला मात्र गुण येत होता. एका महिन्यात ती अंथरुणातून उठून जेवली. पुढच्या महिन्यात दुखणं असतानाच तिने गणितं सोडवली आणि दोन चुकली म्हणून चिडचिड केली. माहरुखला तेवढी चिडचिड ऐकून रडू आलं.

परीक्षेची तारीख आली आणि नेमकी त्याच पहाटे पाळीही आली. सासूबाईंनी शकुन म्हणून दारात लेकीला कुराणाखालून जायला लावलं, मागे तांब्याभर पाणी ओतलं, आणि माहरुखच्या कानात म्हणाल्या, "चिन्ह काही ठीक नाही. नतंझचे लोक गुरुवारी मोकळे आहेत."

परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी माहरुखने हळूच विचारलं, "दुखतंय का गं?"

"दुखतंय," गुलनूश म्हणाली. "पण प्रश्न वाचता येतील इतकंच. वहिनी, तू का पांढरीफटक?"

"काळजीने," माहरुख म्हणाली. अर्धंच खरं होतं. तिचीही तारीख तीच निघाली होती.

बाहेर तुतीच्या झाडांखाली आयांनी चटया पसरल्या होत्या. थर्मास निघाले, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया दातांखाली फुटू लागल्या. सासूबाई सोबत होत्याच, तूरानखानुमही आल्या होत्या, "आपल्या वर्गाची मुलगी" म्हणून. माहरुखने चहाचा गरम पेला पोटाशी धरला, मग थर्मासच धरला, आणि मग तिला कळलं, की आता हसून भागणार नाही. ती चटईवर दुमडली.

"काकड्या खाल्ल्यास ना, पोटात गारवा शिरला," सासूबाई म्हणाल्या. "खडीसाखरेचा चहा घे."

"कसला गारवा, इस्मतखानुम," तूरानखानुम म्हणाल्या. "हे गुलनूशचंच दुखणं. मी काय ओळखत नाही?"

"तिला कसं असेल? तिचं लग्न झालंय. तिला मूल आहे."

आजूबाजूच्या चटयांवरच्या बिया फुटायच्या थांबल्या. माहरुखला वाटलं, आता तुतीचं झाड अंगावर पडेल तर बरं.

"गेलं नाही, आई," ती पुटपुटली. "कधीच गेलं नव्हतं."

सासूबाईंनी जपमाळ मुठीत मिटली. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझंही नव्हतं गेलं. चार बाळंतपणं झाली तरी."

"मग तुम्ही सगळ्यांना..."

"माझ्या सासूबाई म्हणायच्या, जातं. त्यांना मी खोटं पाडू?"

"माझ्याही हेच म्हणायच्या," तूरानखानुम म्हणाल्या. पलीकडच्या चटईवरच्या एका अनोळखी बाईने न विचारता मान डोलावली.

सासूबाईंनी खांद्यावर पांघरलेली काळी चादर काढून दोन्ही हातांनी पडद्यासारखी रस्त्याच्या बाजूला धरली, आणि म्हणाल्या, "कर काय तुमचं ते मांजरीचं. आणि नतंझला आज कळवून टाकते, गुरुवारी येऊ नका म्हणून. त्यांच्या नाशपातीने काही होत नाही."

माहरुख चटईवर ओणवी झाली. "माफ करा आई, तुमच्याकडे पाठ झाली."

"फुलाला पाठ-पोट नसतं. श्वास घे."

पेपर सुटला तेव्हा माहरुख चादरीआड पुन्हा ओणवी झाली होती. गुलनूश फाटकातून ताठ चालत बाहेर आली, गालावर पेनाचा ठिपका, चेहऱ्यावर तेज. माहरुखचं काळीज भरून आलं. आपण तीन महिने कलिंगडं वाहिली त्याचं चीज झालं, आता ही गळ्यात पडेल, काहीतरी जन्मभर लक्षात राहील असं बोलेल, असं तिला वाटलं. (तिला असं वाटलं, हे लक्षात घ्या.)

गुलनूशने चादरीआड डोकावून आईकडे पाहिलं, तूरानखानुमकडे पाहिलं, आणि मग वहिनीकडे निरखून पाहिलं.

"फुलाला पाठ-पोट नसेल वहिनी," ती म्हणाली, "पण गुडघे असतात. इतके दिवस माझ्यासमोर होतीस, आणि एवढंही बघितलं नाहीस? ते कमरेखाली घे. तू तर चहा ओतायला बसल्यासारखी बसलीयेस."