बंगईवरची फटफटी

"पण धरावं कशाले?" एवढंच विचारून तारा बैलांच्या दमणीत चढली आणि दमणीचा कठडा तिने घट्ट धरला.

पोळ्यासाठी तिला माहेरी न्यायला तिचे वडील खुशालराव तिवशाहून बैल जुंपून अमरावतीला आले होते. उद्धव मास्तरांनी सासऱ्यांच्या देखत जाहीर केलं होतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण स्वतः घ्यायला येऊ, आणि ताराला फटफटीवर बसवून आणू. फटफटी जुनीच होती. कापसाच्या जिनिंगचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा ती मास्तरांच्या दारात आली. तेव्हापासून मास्तर तिच्यावरून शाळेत जात, भाजीला जात, आंबादेवीला जात. मागची गादी मात्र रिकामीच. त्या गादीवर तारा बसावी, ही त्यांच्या मनातली एकच हौस. आणि ती बसत नव्हती. भीती वाटते का, तर नाही. आवाज नको होतो का, तर तेही नाही. मग काय, तर हेच, धरावं कशाले.

मास्तर शाळेत गणित शिकवत. प्रश्न आला की उत्तर काढायचं, एवढं त्यांना ठाऊक. धरायला काही नाही ना? मग धरायला काही करू. दमणी वळणाआड जाते न जाते तोच ते लोहाराकडे गेले आणि गादीच्या बाजूला बसेल अशी छान वाकवलेली लोखंडी दांडी करून घेऊन आले.

दांडी बसवायची होती गादीच्या खालून. त्यासाठी जमिनीशी वाकावं लागे, आणि मास्तरांची कंबर तर पुस्तक उचलायलाही कुरकुरणारी. पहिल्याच वाकण्याला ते तसेच वाकलेले राहिले. शेजारचे गोवर्धन, जिनिंगमधले कारकून, त्यांनी हात देऊन उभं केलं आणि सांगितलं, "मास्तर, तुमाले वाकता येत नाई, तर फटफटीले वर घ्या नं."

मास्तरांनी वर पाहिलं. ओसरीत बंगई होती. सागवानी फळी, चार पितळी साखळ्या, आणि वर तुळईला चार कड्या. ताराचं दुपारचं राज्य. हातात सुपारी, एक पाय जमिनीला टेकलेला, आणि ओठांत एखादी ओवी. पाचसहा माणसं एकदम बसली तरी ती फळी कुरकुरली नव्हती.

मग काय! गोवर्धनांनी गल्लीतली माणसं बोलावली. फळी सोडवून जमिनीवर ठेवली, उंबऱ्यावर पाट टाकून फटफटी आत ढकलली, फळीवर उभी केली, फळीला नाड्याने बांधली. "उचल गड्या" म्हणून सगळ्यांनी फळी कमरेइतकी वर धरली आणि गोवर्धनांनी साखळ्या कड्यांत अडकवल्या. फटफटी अधांतरी. मास्तर ताठ उभे राहिले, हात पुढे केला, तर गादीचा तळ अगदी हाताशी. एवढा आनंद त्यांना लग्नात झाला होता, त्यानंतर आताच. माणसं चहा पिऊन, पोळ्याच्या तयारीला म्हणून पांगली.

मास्तरांनी पाना लावला आणि जोर दिला. नट जागचा हलला नाही. फटफटी तेवढी हळूच पलीकडे गेली. मास्तर तिच्यामागे दोन पावलं गेले, तोवर ती परत येऊन त्यांच्या पोटाला भेटली. बंगईच ती, तिला कोणी ढकललं की झुलायचं एवढंच येत होतं. तेव्हा तिच्याखाली टेकू आले. स्वैपाकघरातलं उखळ लोळत आलं, उखळाला उंची पुरेना म्हणून त्यावर पाटा आला, दुसऱ्या टोकाला देवघरातला चौरंग, त्यावर पाट, पाटावर ताराची पितळी पानदानाची पेटी. देव खाली चटईवर बसले. पोळ्याच्या सकाळी सगळं घर फटफटीखाली गेलं होतं, फटफटी डुलायची थांबली होती, आणि दांडी बसली होती. दांडी पक्की. मास्तर तिला लोंबकळून पाहते झाले.

आता खाली उतरवायचं. मास्तर गोवर्धनांच्या दारी गेले. दाराला कुलूप. पलीकडच्या दाराला कुलूप. गल्लीभर कुलपं. पोळा होता; ज्याचं ज्याचं गाव होतं तो बैलाच्या पुरणपोळीला गावी गेला होता. गोवर्धन भातकुलीला, बाकीचे कुठे कुठे. दुखऱ्या कमरेच्या माणसाने एकट्याने करायचं हे काम नव्हतंच. मास्तरांनी एकदा फळीला खांदा लावून पाहिला आणि मग बराच वेळ देवांशेजारी चटईवर पडून राहिले.

दुसरा दिवस उजाडला. तिवशाला सर्व्हिसची मोटार जात होती. मोटारीने जाऊन ताराला आणता आलं असतं. पण ती रिकाम्या हाताने आलेल्या नवऱ्याकडे कशी पाहील, ते मास्तरांना डोळ्यांपुढे दिसलं, आणि पाय उचलेना. आता ती त्या गादीवर कधी बसणार नाही, एवढं त्यांनी मनात मांडून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात घुंगरं वाजली.

खुशालराव आधी आत आले. जावई आजारी पडला या धास्तीने त्यांनी रस्त्यात कुठे बैल सोडले नव्हते. ओसरीत पाऊल टाकलं आणि ते थांबले. बाजारात बैल पाहावा तशी त्यांनी फटफटीला एक फेरी घातली, खालून पाहिलं, वरून पाहिलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "पोळ्याले आमी बैलाच्या खांद्यावरचं जू काढतो. तुमी तर पालखीतच बसवलं हिले."

मास्तरांनी सारी हकिकत सांगितली. दांडीपासून कुलपांपर्यंत. खुशालराव ऐकता ऐकता मिशी पुसत राहिले, आणि मग बैलांना पाणी दाखवतो म्हणून बाहेर निघून गेले.

तारा दारातच उभी होती. अंगावर हिरवं लुगडं.

"गाव सारं रस्त्याकडे कान लावून बसलं होतं," ती म्हणाली. "मी काल सकाळपासून हे नेसून बसली होती."

"तू बसणार होतीस?"

तिने लुगड्याचा काठ सारखा केला. मास्तर घाईघाईने पुढे झाले आणि दांडी दाखवू लागले. "हे पाह्य. तुले धराले. पक्की आहे."

ताराने दांडीवरून बोट फिरवलं. मग बोटाला लागलेलं काळं पदराआड पुसत ती खाली पाहून म्हणाली, "अजी, मी दांडी कुठी मागत होती? तिथं तुमच्याच खांद्याले धरा लागते. चारचौघांत. बुधवाऱ्याच्या रस्त्यातून, शाळेतल्या पोट्ट्यांसमोर. म्हणून म्हणत होती, कशाले धरावं."

गणिताच्या मास्तरांना उत्तर चुकल्यासारखं झालं, पण पोटात कुठेतरी गूळ विरघळला.

"इथं तर चारचौघं नाईत," ते म्हणाले.

दोघांनी मिळून पाटा काढला, उखळ सरकवलं. ताराने आपली पानदानाची पेटी तेवढी आधी उचलून घेतली आणि देवांजवळ ठेवली. चौरंग पायरीसारखा लावला. मास्तर पुढे बसले, तारा मागच्या गादीवर एका बाजूने. चौरंगाला पायाने रेटा दिला. सागवान सुटलं. फटफटी आवाज न करता पुढे गेली, मागे आली.

ताराने आधी बंगईची साखळी धरली. नंतर तीही सोडली. दांडीकडे कोणी पाहिलंच नाही. ओठांत ओवी आली ती तिची तिनेच त्या घटकेला जुळवलेली:

बैलाबिना निंघाली बाई, गाडी माह्या माहेरा,
धुरकरी माहा भोळा, वाट पुसे पाखरा.

"कुठी निंघालो आपण?" गाडी हाकणाऱ्या मास्तरांनी मागे न पाहता विचारलं.

"तिवशाले," खांद्यावरचा हात म्हणाला. "हळू चालवा. वळण आहे."

खुशालराव बादली घेऊन ओसरीच्या दाराशी आले, आत पाहिलं, आणि आले तसे पाठमोरे फिरून पुन्हा बैलांकडे गेले. बैलांनी त्यांच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. तहान तर केव्हाच भागली होती. तरी मालक उभाच राहिला म्हणून, दोघांनी निमूटपणे पुन्हा पाण्याला तोंड लावलं.