डोंगर खचण्याचा योग्य शब्द

एका जंगलात, बाळांनो, पाऊस इंग्रजीत पडायचा.

हसू नका, तसा हुकूमच होता. वाघमहाराज एकदा शेजारच्या जंगलात हवामानाच्या परिषदेला गेले होते. तिथे सगळे 'क्लायमेट', 'प्लॅटू' असं काहीबाही बोलत होते. महाराजांना ओ की ठो कळलं नाही. तीन दिवस नुसती मान डोलावून त्यांची मान आखडली. परत आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की डोंगर, नदी, वारा, पाऊस यांबद्दल यापुढे इंग्रजी शब्दांतच बोलायचं. साध्या भाषेतली तक्रार ऐकली जाणार नाही.

शिकवायला चातकसर होते. ते दरवर्षी आफ्रिकेहून येत, म्हणून त्यांना सगळं येतं असं सगळे धरून चालले होते. सरांनी एक शब्द म्हणायचा आणि वर्गाने तो जागेवर बसून तीनदा ओरडायचा, अशी कडक शिस्त होती. ससे, भेकरं, रानडुकरं घसा बसेपर्यंत ओरडत.

वर्गाला लागूनच, डोंगराच्या पायथ्याशी, साळूबाई साळिंदरीचं बीळ होतं. बिळात दोन पिल्लं. आठ दिवस पावसाची झड लागली होती. एका सकाळी तिने पाहिलं, तर वरच्या उतारावर हातभर रुंद भेग. झऱ्याला लाल गढूळ पाणी. जांभळीचं झाडही कालच्यापेक्षा वाकलेलं.

पलीकडच्या सड्यावर, म्हणजे उंच सपाट माळावर, पक्का कातळ होता. पण तिथे महाराजांची गुहा होती आणि परवान्याशिवाय कुणाला जाता येत नसे. साळूबाई चिखल तुडवत दरबारात पोचली.

"महाराज, डोंगर खचतोय! पिल्लांना घेऊन सड्यावर येऊ द्या."

महाराजांनी कोल्हे कारभाऱ्यांकडे पाहिलं.

"खचतोय म्हणजे नेमकं काय, बाई?" कारभारी म्हणाले. "शब्द सांगा."

"अहो, भेग पडलीय! चला तर खरं, दाखवते."

"बघून काय कळणार? शब्द शिकून या, लगेच परवाना देतो."

वर्गात त्या दिवशी वाळवंटाचा धडा होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वर्ग 'डेझर्ट, डेझर्ट, डेझर्ट' ओरडत होता.

"सर, माझा तेवढा शब्द आधी सांगा हो," साळूबाई रडकुंडीला आली.

"सगळं क्रमाने येईल. उद्या ग्लेशियर, परवा व्होल्कॅनो."

"पण आपल्याकडे बर्फ कुठंय?"

"परीक्षेत आहे ना!"

ग्लेशियरच्या दिवशी भेग दोन हात झाली. व्होल्कॅनोच्या दिवशी झरा आटला. साळूबाई सगळ्यांबरोबर ओरडत होती, पण तिचा जीव बिळात अडकला होता.

चौथ्या दिवशी एकदाचे सर म्हणाले, "लँडस्लाइड. म्हणजे डोंगराचा भाग खाली येणे."

साळूबाई दरबाराकडे धावणार, तोच वरून घरघर ऐकू आली. जांभळीचं झाड उभंच्या उभं खाली सरकत होतं.

"लँडस्लाइड!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"वा! काय उच्चार आहे!" चातकसर खूश झाले. "चला, सगळ्यांनी म्हणा."

"लँडस्लाइड!" वर्ग ओरडला.

"अरे मेल्यांनो, पळा!"

परवाना गेला खड्ड्यात, असं म्हणत साळूबाई बिळाकडे झेपावली आणि पिल्लांना पुढे हाकलत सड्याकडे सुटली. चातकसर उडाले. वर्ग मात्र शिस्तीचा होता. तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत कुणी उठलं नाही. त्यानंतर कुणाला उठता आलं नाही.

आठवड्याने महाराजांनी निकाल लावला. गाडला गेलेला सगळा वर्ग पहिल्या श्रेणीत पास झाला. साळूबाई नापास झाली. कारण ती तास अर्धवट सोडून गेली होती, आणि वर्गात 'पळा' हा साधा शब्द बोलली होती.

निकाल ऐकायला ती आलीच नाही. ती सड्यावर पिल्लांच्या अंगावरचा चिखल चाटत बसली होती.

तात्पर्य : बाळांनो, शब्दसंग्रह वाढवा. नुसते डोंगराकडे बघत राहिलात, तर साळूबाईसारखे नापास व्हाल आणि म्हातारे होईपर्यंत जगत बसावं लागेल.