बंकट सरांची पोत्यांशी कबड्डी

"या वर्षी करंडक आपलाच! लिहून ठेवा!" बंकट सरांनी टेबलावर अशी थाप मारली, की चेअरमन विठ्ठलरावांचा चहा बशीत उतरला.

"हरलात तर संघ बंद," विठ्ठलराव म्हणाले. "मैदान गुरांच्या छावणीला देतो. तिथं जागा पुरंना झालीय."

पाऊस नाही, ऊस नाही, म्हणून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं. घरी बसलेल्या कामगार पोरांना जीव लावायला एक कबड्डीच उरली होती. बंकट एरवी कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून. पण पुण्याला शिबिर करून आल्यापासून तो 'सर' झाला होता.

सरांचं प्रशिक्षण एकदम शास्त्रोक्त! रिकाम्या पोत्यांत भुसा भरून त्यांनी बचावपटू उभे केले. चुन्यानं पावलं आखली. संघाचा चढाईपटू म्हाळू. त्यानं चुन्यावर पाय टाकायचा, डावीकडच्या पोत्याला हात लावायचा, वळायचं, परत यायचं. थोड्याच दिवसांत म्हाळू डोळे मिटून पोती बाद करू लागला. पोत्यांचीही काही तक्रार नव्हती!

मग चकलांब्याला दूध संघाशी सराव सामना झाला. म्हाळूनं ऐटीत चढाई केली, डावीकडं हात मारला, तर तिथं कुणीच नाही! दूध संघाच्या आश्रुबानं मागून येऊन त्याला भरल्या घागरीसारखं उचललं.

"अरे, बाजूला झाला न्हाईस कावून?" सर ओरडले.

"सर, ते हलत्यात! आपलं पोतं कुठं हलतं?"

बचावाला आपली पोरं उभी राहिली तीही पोत्यांसारखीच. देवळातल्या खांबांना हात लावत जावं तसा आश्रुबा सगळ्यांना शिवून गेला.

दुसऱ्या दिवशी सर पोत्यांकडं बघत सुन्न बसले होते. तेवढ्यात शेजारच्या छावणीतून सिंधुबाईची आरोळी आली, "धरा रं धरा! खोंड सुटला माझा!"

खोंड थेट मैदानात! पोत्यांचा भुसा उडाला. पोरं धावली. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी दोघांनी उजवी बाजू अडवली, खोंड डावीकडं वळला, तिथं म्हाळूनं सूर मारून पाय धरला, बाकीच्यांनी साखळी आवळली.

सरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. "हीच की पकड!"

"पकड गेली खड्ड्यात!" सिंधुबाई कडाडली. "माज्या खोंडाचा पाय सोडा आदी!"

सरांनी हातापाया पडून तिला राजी केलं. रोज सकाळी खोंड मैदानात सुटू लागला. तो एका वाटेनं दोनदा कधी जात नसे. पोरंही नजरेनं हेरायला, ऐनवेळी वळायला शिकली.

माजलगावच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दूध संघ! आपण एका गुणानं पुढं. शेवटची चढाई आश्रुबाची. त्यानं डावी हूल दिली, उजवी दिली, कुणी फसेना. म्हाळूनं झेप घेऊन घोटा धरला, साखळी आवळली, शिट्टी वाजली!

पण म्हाळू थांबतोय कुठला? "दावं आणा बे!" तो गरजला. गर्दीतल्या कुण्या शेतकऱ्यानं खरंच दावं फेकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत आश्रुबाचे पाय बांधलेले, आणि म्हाळू त्याची मान थोपटतोय, "हो हो, राजा, हो!"

पंच आप्पाराव डोळे वटारून आले. संघच बाद केला तर?

"साहेब, सवय लागली हो पोराला..." सरांनी हात जोडले.

आप्पारावांनी गाठ निरखली. "शिट्टी आदी, दावं मागून. गुण कायम! पण गडी सोडा!"

सर तिथंच मटकन बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. विठ्ठलराव धोतर सावरत मैदानात धावले, "संघ चालू! छावणी पलीकडं सरकवा!"

"नाचा मागून बे!" आश्रुबा ओरडला. "गाठ सुटंना!"

गर्दी पांगल्यावर आप्पारावांनी सरांना बाजूला घेतलं. "आमची म्हैस धार काढू देत न्हाई. लई लाथा झाडती. सकाळी धाडता का तुमचे गडी?"

सरांच्या छातीवरचा धोंडा नुकताच उतरलेला. त्या घटकेला ते कशालाही हो म्हणाले असते! "म्हैस? हातचा मळ, साहेब!"

सकाळी अख्खा विजेता संघ गोठ्यात शिरला. म्हशीनं जागेवरून न हलता सातही गडी बाद केले. आठवे सर, बादलीसकट!